मेळघाट, दोन सायकली आणि १७ किलो सामान

अंजनगाव सुर्जीहून परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल, धारणी आणि सेमाडोह-घटांगवरून परत, असा सात दिवसांचा फेरा आम्ही दोघा नवरा-बायकोने नोव्हेंबरच्या शेवटी केला. एकूण अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सपाटीवर एवढं अंतर तीन दिवसांत आरामात होतं. मेळघाटात त्याला सात दिवस द्यावेत आणि त्यात एक दिवस मोकळा ठेवावा.

महिना विचार करून निवडला होता. मे महिन्यात पायथ्याची गावं ४५ अंशांपर्यंत तापतात. पावसाळ्यात चिखलदऱ्याचा घाट सुंदर दिसतो, पण धुक्यात समोरच्या गाडीला सायकल दिसत नाही, डांबर निसरडं होतं आणि आतल्या रस्त्यांवर रपट्यांवरून पाणी वाहतं. मार्चपासून मोहफुलं पडू लागतात आणि ती खायला अस्वलं पहाटे रस्त्याकाठी येतात. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही शनिवार-रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, म्हणून घाट मंगळवारी चढायचा असं ठरवून बाकीचे दिवस त्याभोवती बसवले.

आता ओझ्याचं. सगळं सामान धान्य मोजायच्या काट्यावर ठेवलं तर १७ किलो भरलं. कपडे ३.२ किलो, पांघरूण आणि चादरी २.६, अवजारं आणि सुटे भाग २.९, खाणं २.५, पिशव्यांचं स्वतःचं वजन २.२, कुलूप-साखळी १, पावसाचं कापड ०.९, साबण-तेल वगैरे ०.८, बॅटरी आणि पॉवर बँक ०.५, औषधं ०.४. पाणी यात धरलेलं नाही. प्रत्येक वस्तू वेगळी मोजून वहीत लिहिली होती. अंदाजाने भरलेली पिशवी नेहमी जड निघते, असा आधीच्या फेऱ्यांचा अनुभव होता.

पूर्वी आम्ही सामान अर्धंअर्धं वाटायचो. दिसायला ते न्याय्य वाटतं, पण डोंगरात त्याचा हिशेब बसत नाही. चढावर वेग ठरतो तो माणूस, सायकल आणि सामान यांच्या एकूण वजनावर आणि पायांतल्या ताकदीवर. माझं वजन ५४ किलो, यांचं ६८, आणि दोन्ही सायकली कॅरियर-स्टँडसकट १५ किलोंच्या. मी हलकी असले तरी माझी ताकद त्याहून जास्त प्रमाणात कमी आहे. त्यामुळे साडेआठ-साडेआठ किलो वाटणीत मी मागे पडते, हे वर थांबून वाट बघतात, मी पोचते तोवर यांचा घाम वाळून अंग गार पडलेलं असतं आणि माझी विश्रांती मात्र सुरूही झालेली नसते. दोघांचंही नुकसान.

म्हणून निघण्याआधी दोन रविवार एक चाचणी केली. डोंगराच्या पायथ्याकडे जाणाऱ्या ३ किलोमीटरच्या एका सलग चढावर पूर्ण सामान लादून प्रत्येकाने आपापल्या सोयीच्या वेगाने चढायचं, एकमेकांकडे न बघता. अर्धंअर्धं सामान असताना यांना २० मिनिटं लागली, मला साडेबावीस. मग माझ्या पिशवीतले ४ किलो यांच्याकडे दिले. माझ्याकडे साडेचार, यांच्याकडे साडेबारा. पुढच्या रविवारी फरक अर्ध्या मिनिटावर आला. ढोबळ हिशेब असा की, एकूण ओझं ९० किलोंच्या घरात असेल तर एक किलो कमी-जास्त झाल्याने चढाचा वेळ सुमारे एक टक्क्याने बदलतो. ४ किलो इकडून तिकडे गेले की दोन्ही बाजूंनी फरक पडतो आणि अंतर भराभर मिटतं. उरलेली अर्ध्या मिनिटाची कसर पाण्याने भरून काढली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. यांच्याकडे ३ लिटर, माझ्याकडे दीड. चढ मोठा असेल तेव्हा पाणी आधी माझ्या बाटलीतलं संपवायचं.

ज्या जोडप्यात बाई जास्त ताकदीची असेल तिथे वाटणी उलटी होईल. चाचणी करा आणि घड्याळ सांगेल तसं ओझं हलवा.

ओझ्यानंतर गिअर. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रीड सायकलींना पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चकत्या आणि मागे १४ ते ३४ चं सात चकत्यांचं फ्रीव्हील असतं. सर्वात हलक्या गिअरमध्ये पुढे २८, मागे ३४. ७०० सी मापाच्या चाकाला ३८ मिमी टायर असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १.८ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेसहा किलोमीटर. सामानासकट चढाच्या कडक वळणांवर हा वेग मला जड जातो. मग फेरे पन्नासच्या खाली येतात, गुडघ्यावर जोर येतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. म्हणून माझ्या सायकलचा पुढचा क्रँक (पायडलचे दांडे आणि चकत्यांचा संच) बदलून ४२-३४-२४ चा बसवला. आता हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला १.५४ मीटर. ताशी ६ किलोमीटरच्या वेगाला माझे पाय मिनिटाला ६५ फेरे फिरतात आणि यांचे ५५-५६. दोघं एकाच वेगाने आणि दोघंही आपापल्या सोयीने.

हा बदल तासाभराचा आहे, पण त्यात तीन गोष्टी राहून जातात. मोठी चकती सहा दात्यांनी लहान झाल्यामुळे पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) साधारण १२ मिमी खाली घ्यावा लागतो. त्याची बाहेरची पट्टी मोठ्या चकतीच्या दात्यांच्या वर १ ते ३ मिमीच राहिली पाहिजे. तो तसाच उंच ठेवला तर चेन चकतीवर चढायला रेंगाळते आणि उतरताना बाहेर पडते. दुसरं, चेनच्या दोन कड्या कमी कराव्या लागतात. नाही केल्या तर पुढे-मागे दोन्हीकडे लहान चकती असताना चेन लोंबकळते. तिसरं, डिरेलर खाली घेतला की केबल ढिली होते, ती पुन्हा ताणून दोन्ही मर्यादा-स्क्रू (डिरेलर किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे) नव्याने बसवायचे. हे सगळं स्टँडवर जमलं तरी सामान लादून एकदा चढावर तपासावं. ओझ्याखाली फ्रेम किंचित लवते आणि स्टँडवर डिरेलरला न घासणारी चेन रस्त्यावर घासू लागते. आमचं तसंच झालं होतं, पाव फेरा स्क्रू फिरवून ते गेलं.

टायरचा विचार करताना वऱ्हाडातला सायकलस्वार आधी काटे आठवतो. बाभूळ आणि बोराटी. कापणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या काट्या तोडून वाहून नेतात, त्यांचे तुकडे डांबरावर पडलेले असतात. बाभळीचा काटा सरळ आणि लांब, तो टायर भेदून आत जातो आणि दिसतो. बोराटीचा काटा आखूड आणि वाकडा, तो टायरच्या रबरात मोडून आतच बसतो, बाहेरून काहीच दिसत नाही. ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो, आणि दोन किलोमीटरवर पुन्हा चाक बसलं, याचं कारण जवळजवळ नेहमी हेच. म्हणून पंक्चर काढताना टायरच्या आतून कापसाचा बोळा गोल फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नये, कापतं. ट्यूबवरचं छिद्र आणि टायरवरची जागा जुळवून बघायची, त्यासाठी ट्यूब बाहेर काढण्यापूर्वी व्हॉल्व्हची बाजू लक्षात ठेवायची. काटा बाहेर खेचून काढायचा आणि मगच नवी ट्यूब घालायची.

टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घातली होती. मोटारसायकलची टाकाऊ ट्यूब घेऊन तिची २८ मिमी रुंदीची पट्टी कापायची, कडा कात्रीने गोल करायच्या, टोकं एकमेकांवर न चढवता भिडवायची. टोक टोकावर चढलं तर ती जागाच ट्यूबला घासून भोक पाडते. या पट्टीने चाक थोडं जड होतं, पण सात दिवसांत पंक्चर चारच झाली, त्यातली तीन पहिल्या दिवशी पथ्रोटच्या आसपासच्या शेतरस्त्यांच्या तोंडाशी. जंगलात शिरल्यावर एकच. हवा मागच्या चाकात ६५, पुढच्या चाकात ५० ते ५५ पौंड.

व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाडाच घ्यावा. बारीक व्हॉल्व्हला खेड्यातल्या पंक्चरच्या दुकानात नळी बसत नाही. ट्यूबचं आणखी एक माहीत असू द्यावं: खेड्यातल्या सायकल दुकानात ७०० सी ची ट्यूब मिळत नाही, मिळते ती २८ × १½ ची, साध्या काळ्या सायकलची. रिमचं माप ६२२ आणि ६३५ मिमी असं वेगळं असलं तरी ही ट्यूब ७०० सी च्या टायरमध्ये अडीनडीला बसते. आधी थोडी हवा भरून आकार द्यायचा आणि सुरकुती पडू न देता घालायची. रिमचं भोक आणि व्हॉल्व्हची जाडी जुळते का, ते घरीच बघून ठेवावं. टायर मात्र एकाचं दुसऱ्याला बसत नाही.

पिशव्या गावातच शिवून घेतल्या. ट्रॅक्टरच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडे जाड ताडपत्री असते आणि ती शिवायचं मशीनही. दोन पिशव्यांची एक जोडी, वरून गुंडाळून बंद होणारं तोंड, आत दुधाच्या कॅनला घालतात तसली जाड प्लॅस्टिकची थैली. शिलाईतून पाणी आत येतंच, म्हणून थैली हवीच. दोन चुका पहिल्या जोडीत झाल्या होत्या. पिशवी फार पुढे आल्याने प्रत्येक फेऱ्याला टाच घासायची. मग वरचे आकडे ४ सेंटीमीटर पुढे सरकवून पिशवी मागे घेतली. आणि खाली पकड नसल्याने खड्ड्यात पिशवी उसळून स्पोककडे झुलायची. तिला खालून ट्यूबची ताणलेली पट्टी आणि आकडा लावला. लोखंडी आकड्यांवर ट्यूबचे तुकडे चढवले की आवाज बंद होतो आणि कॅरियरचा रंगही घासत नाही. जड वस्तू तळाशी, अवजारं आसाच्या जवळ. कॅरियरवर उंच गाठोडं बांधलं की चढावर उभं राहून पायडल मारताना सायकल शेपूट हलवते.

सुट्या भागांत दोन ट्यूब, ठिगळं आणि दोन सुलोचन (ठिगळ चिकटवायच्या चिकटद्रव्याच्या नळ्या; उघडलेली नळी आठवड्यात वाळते), ब्रेकची एक आणि गिअरची एक आतली केबल, ब्रेकच्या रबराच्या दोन जोड्या, चेनच्या चार कड्या आणि एक जोडकडी, ५ मिमीचे बोल्ट सहा, तार, केबल टाय, जुन्या टायरचा हातभर तुकडा. आणि स्पोक: मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन. फ्रीव्हीलकडचे स्पोक एक-दोन मिमीने आखूड असतात, म्हणून वेगवेगळ्या रंगाच्या धाग्याने बांधले. अवजारांत एलन की, चेन कटर, स्पोकची चावी आणि फ्रीव्हील काढायचं नट. या शेवटच्या वस्तूची गोष्ट पुढे येते.

पहिला दिवस, अंजनगाव ते परतवाडा, सपाट आहे. दोन्ही बाजूंना तुरी आणि फुटलेला कापूस, पुढे संत्र्याच्या बागा. कापसाच्या गाड्या रुंदीला रस्त्याबाहेर फुगलेल्या असतात, त्या मागून आल्या की सरळ खाली उतरून उभं राहावं. या दिवसाचा उपयोग सामान बसतं कसं हे बघायला करायचा. २० किलोमीटरवर थांबून कॅरियरचे चारही बोल्ट तपासले तर दोन ढिले निघाले. नव्याने बसवलेला कॅरियर पहिल्या दिवशी असा ढिला होतोच, रंगाचा थर दबतो म्हणून. त्यानंतर रोज सकाळी निघण्याआधी चार बोल्ट, दोन चाकांचे नट, ब्रेक. दोन मिनिटं लागतात.

परतवाड्यात मुक्काम, बाजार आणि रोख रक्कम. पुढे धारणीपर्यंत पैशांची मोठी सोय धरू नये आणि मोबाईलला रेंज बऱ्याच भागात नाही. नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला होता, तरी गावांची नावं आणि मधली अंतरं कागदावर लिहून हँडलच्या पिशवीत ठेवली.

चिखलदऱ्याला परतवाड्याहून दोन वाटा आहेत. धामणगाव गढीवरून जवळची, ३० किलोमीटरच्या आसपास. घटांगवरून लांबची. सामान घेऊन चढायला आम्ही जवळची घेतली आणि उतरायला लांबची राखून ठेवली. चढ एकूण ७०० मीटरच्या आसपास, चिखलदरा १,११८ मीटरवर. सकाळी साडेसहाला निघालो, कारण दहानंतर दक्षिणेकडे तोंड असलेल्या या उतारावर नोव्हेंबरातही ऊन लागतं. निघण्यापूर्वी तर्री-पोहे पोटभर खाण्याचा मोह आवरावा. तर्री चढावर वर येते. आम्ही साधे पोहे आणि केळी खाल्ली.

घाटात हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं. हा आमचा पक्का नियम आहे. मागचा माणूस पुढच्याचा वेग बघून आपला वेग राखतो आणि कोणी कोणाला ओढत नाही. बोलता येईल एवढ्याच दमाने चढायचं, पूर्ण वाक्य तोंडातून निघत नसेल तर वेग जास्त आहे. वळणाच्या आतल्या बाजूला चढ तीव्र असतो, म्हणून मागून-पुढून गाडी नसेल तर वळण बाहेरून घ्यायचं. गिअर वळणाच्या १०-१५ मीटर आधी उतरवायचा. वळणात जोर लावलेला असताना बदलला तर चेन करकरते, कधी तुटतेही. बदलताना अर्धा फेरा पायाचा जोर सैल सोडायचा. चाळीस मिनिटं चालवणं आणि पाच मिनिटं थांबणं, असं पुनःपुन्हा. पाच मिनिटांहून जास्त बसलं की पाय आखडतात. एसटीचा हॉर्न वळणापलीकडून ऐकू आला की जिथे असू तिथे डावीकडे थांबायचं.

दर थांब्याला चार घोट पाणी, मूठभर शेंगदाणे-गूळ. घामाने मीठ जातं, म्हणून एका बाटलीत साखर-मिठाचं पाणी होतं: एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झालं तर अपाय होतो. खिशात संत्री होती. चढावर कोरड्या तोंडाला संत्र्याच्या दोन फोडींइतकं बरं काही नाही, आणि ही आपल्याच भागातली, ओझ्याची किंमत वसूल करणारी वस्तू. चढ लागल्यापासून वर पोचेपर्यंत थांब्यांसह चार तास लागले, आणि दोघं बरोबर पोचलो.

चिखलदऱ्यात एक पूर्ण दिवस थांबलो. कपडे धुणं, चेन पुसून तेल, आणि संध्याकाळी गाविलगड. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या फौजेने हा किल्ला घेण्यासाठी स्टीव्हन्सनच्या तुकडीकडून अवजड तोफा डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडच्या बाजूला नेल्या. रस्ता तयार करत, माणसांनी ओढत, अनेक दिवस. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि ३० डिसेंबरला आमच्या सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. साडेबारा किलो सामान घाटातून आणल्यावर त्या तोफांच्या वजनाचा विचार मनातून जात नाही. चिखलदऱ्यात वानरं फार. खाण्याची पिशवी सायकलवर ठेवून दहा पावलंसुद्धा दूर जाऊ नये, ताडपत्रीची शिलाई ती दातांनी उसवतात. रात्री थंडी एक आकडी तापमानाला येते, चादर-पांघरुणाचे २.६ किलो इथे कामी आले.

चौथ्या दिवशी सेमाडोहकडे उतार. चढापेक्षा उतार सोपा वाटतो आणि सायकली बिघडतात, माणसं पडतात ती उतारावरच. आमच्या सायकलींना रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक आहेत. माणूस आणि सगळ्या सामानासकट ९५ किलोंची सायकल काहीशे मीटर खाली उतरते तेव्हा ती सगळी शक्ती रबर आणि रिममध्ये उष्णता होऊन जिरते. ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते, आतली हवा फुगते आणि ठिगळाचं सुलोचन मऊ पडून ठिगळ सुटतं. म्हणून सतत हलका दाब नको. सरळ टप्प्यात थोडं सुटू द्यायचं, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवायचा, वळणात सोडायचा. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून रिमवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. चर्र आवाज आला तर दहा मिनिटं सावलीत. ठिगळ लावलेली ट्यूब पुढच्या चाकात ठेवू नये. मागे हवा गेली तर सायकल सांभाळता येते, पुढे गेली तर नाही.

उतारावर क्रम उलटा. जड सायकल पुढे, हलकी मागे, मध्ये किमान ३० मीटर. जड सायकलला थांबायला जास्त अंतर लागतं, ती मागे असेल तर पुढच्यावर आदळते. सागाची वाळलेली पानं रस्त्याच्या कडेला साचतात, त्यांच्याखाली बारीक गिट्टी लपलेली असते. कडेने उतरायचं नाही, गाडीच्या चाकोरीत राहायचं. आमच्या रबरांवर खाली पोचेपर्यंत चकाकी आली होती आणि ब्रेक किंचाळत होते. सँडपेपरने रबरांचा तोंडाचा थर घासून काढला, रिम पुसली, आवाज गेला. रबरात रुतलेले धातूचे कण सुईने काढावेत, नाहीतर ते रिम कातरतात.

इथून पुढे व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जागांत मेळघाट होतं. आम्ही सार्वजनिक डांबरी रस्ता एकदाही सोडला नाही. आतल्या वाटा सायकलीसाठी नाहीत, आणि तंबू ठोकायचा तर विचारही करू नये, म्हणून तंबू सामानात नव्हताच. मुक्काम सेमाडोहच्या वनविभागाच्या संकुलात, आधी नोंदणी करून. चालवायची वेळ सकाळी आठ ते दुपारी चार. भीती वाघापेक्षा अस्वलाची जास्त, कारण त्याला नजर कमी आणि दचकलं की ते अंगावर येतं. सायकलचा आवाज नसतो, हाच धोका. म्हणून प्रत्येक आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवायची आणि दोघांनी मोठ्याने बोलत राहायचं. रानगवा रस्त्यात उभा दिसला तर थांबायचं, शंभर मीटर मागे राहायचं, तो जाईपर्यंत. झाडावर किंवा पुलाखाली आग्या मोहोळ दिसलं तर त्याखाली थांबू नये. नाक्यावरच्या माणसाला कुठून कुठे जातो ते सांगून ठेवलं. त्याने एवढंच बजावलं, "चार वाजल्यावर रोडवर राहू नका."

सेमाडोह ते धारणी ५० किलोमीटरच्या आसपास, सिपना नदीच्या सोबतीने, कोलकास आणि हरिसालवरून. चढ-उतार आहेत पण घाटासारखे सलग नाहीत. कोरकू गावांत घरांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, मध्ये रुंद रस्ता, आणि गावात हापशी. पाणी प्रत्येक गावात भरून घ्यायचं, पुढचं गाव किती दूर हे अंदाजाने धरायचं नाही. इथलं पाणी उत्तरेला तापीत जातं, चिखलदऱ्यापलीकडचं दक्षिणेला पूर्णेत, आणि पूर्णा पुन्हा खाली चांगदेवजवळ तापीलाच मिळते. चढ-उताराचा नकाशा वाचताना ही पाणलोटाची रेघ लक्षात ठेवली की पुढचा दिवस कसा जाणार ते कळतं.

हरिसालच्या पुढे यांच्या मागच्या चाकाचा स्पोक तुटला, फ्रीव्हीलच्या बाजूचा. स्पोक ओझ्याने क्वचितच तुटतो. ढिला असतो तेव्हा प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो-सरळ होतो आणि हबजवळच्या (चाकाच्या मधल्या नळीजवळच्या) वळलेल्या मानेशी झिजून तुटतो. निघण्यापूर्वी चाकाची आऊट (डगमग) काढली होती, पण ताण नीट तपासला नव्हता. ही आमची चूक. तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळून बांधला, त्याच्या दोन्ही बाजूंचे, हबच्या समोरच्या कडेला अडकवलेले स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल केले, म्हणजे रिम ब्रेकला घासत नाही. मागच्या पिशवीतले ४ किलो माझ्याकडे आले आणि धारणीपर्यंत तसंच गेलो.

फ्रीव्हीलच्या बाजूचा स्पोक फ्रीव्हील काढल्याशिवाय बसत नाही. आणि फ्रीव्हील पायडल मारताना सतत आवळलं जातं, हलक्या गिअरमध्ये घाट चढल्यावर तर फारच. म्हणून घरी एकदा ते उघडून आट्यांना ग्रीस लावून ठेवलं होतं. काढायचं नट आमच्याकडे होतं, पण ते फिरवायला लांब पान्हा हवा, तो सायकलवर कोण वाहणार? धारणीत ट्रॅक्टरच्या गॅरेजवर चाक नेलं. हातभर लांबीचा पान्हा, डावीकडे एक झटका, आणि फ्रीव्हील सुटलं. ग्रीस नसतं तर तिथेही सुटलं नसतं. नवा स्पोक ओवताना शेजारच्या स्पोकांसारखीच वर-खाली विण ठेवायची. मग ताण: दोन बोटांनी स्पोक छेडून त्याच बाजूच्या शेजारच्या स्पोकसारखाच स्वर येईपर्यंत चावी पाव-पाव फेरा. मग चाक सायकलला लावून ब्रेकच्या रबराशी बघत आऊट काढायची. एकूण एक तास.

परतीला सेमाडोहहून घटांगवरून परतवाडा. आमच्या मते अख्ख्या फेऱ्यातला हाच अवघड दिवस. चढ चिखलदऱ्याइतका दिसत नाही, पण सहा दिवसांचा थकवा पायांत असतो आणि चढ-उतार तुटक येत राहतात, त्यामुळे लय लागत नाही. या दिवशी ओझ्याची वाटणी पुन्हा बदलावी लागली. खाणं संपल्याने यांचं सामान दोन किलोंनी उतरलं होतं, म्हणून माझी अवजारांची डबी यांच्याकडे गेली. वाटणी रोज सकाळी नव्याने बघायची असते, कारण सामानही बदलतं आणि माणूसही. इथे कुठेही अगदीच जमेनासं झालं तर काळीपिवळीच्या टपावर सायकली बांधून परतवाड्याला येता येतं. त्यासाठी दोन दोऱ्या आणि फ्रेमखाली घालायला गोणपाट जवळ होतं. वापरावं लागलं नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही सायकली उलट्या करून बघितल्या. चेनच्या आतली-बाहेरची कडी अशा १२ जोड्यांची लांबी नवी असताना ३०५ मिमी असते. १.५ मिमीने वाढली की चेन बदलायची, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दातेही खाते. माझी एक मिमीने वाढलेली, यांची दीड. यांची बदलली. ब्रेकचे मागचे रबर दोघांचे गेले. यांच्या मागच्या चाकाचे सगळे स्पोक एकदा छेडून, आणखी चार ढिले होते ते आवळले. हबचे छर्रे काढून रॉकेलने धुतले, नवं ग्रीस भरलं. कोन (छर्रे दाबून ठेवणारे नट) आवळताना आस बोटांनी मोकळा फिरला पाहिजे पण हलता कामा नये.

मग पिशव्या पुन्हा काट्यावर. सात दिवसांत हात न लागलेल्या वस्तू वेगळ्या केल्या. सुटे भाग आणि औषधं त्यात धरली नाहीत, ती न वापरताही न्यायचीच. बाकीच्यांत एक चादर ७०० ग्रॅम, एक जोड कपडे ६५०, दुसरं कुलूप ४५०, तीन पान्हे ४००. एकूण २.२ किलो. पुढच्या फेऱ्याला सामान १४.८ किलो, त्यातलं यांच्याकडे ११ आणि माझ्याकडे ३.८, आणि आधी त्याच ३ किलोमीटरच्या चढावर घड्याळ लावून बघायचं.